तिसरा ठिपका

लेबल मी केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायला मला जागा राहायची नाही. जालन्याच्या बाहेर, लोखंडाचे कारखाने संपतात तिथून थोडं पुढे, कापसाच्या एका जुन्या गोदामात बिअर गाळतात. मोठी कंपनी नाही. चार टाक्या, दहा-बारा माणसं आणि समोरच्या भिंतीवर बारा फूट उंचीचा एका बाईचा हात. तो हात माझ्या मायचा आहे. भिंतीवर तो मी रंगवला, बाटलीवर तो मी काढला, आणि त्या हातावरची जी एक खूण आता प्रत्येक बाटलीच्या झाकणावर छापलेली असते, तीही मीच दाखवून दिली. हौसेनं दाखवली.

मी जालन्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर पंधरा ऑगस्टचा फलक रंगवायचा, गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि उरलेलं वर्षभर आपला तास गणिताच्या बाईंना द्यायचा. घरी लॅपटॉपवर लग्नपत्रिका, दवाखान्यांचे बोर्ड, बियाण्यांच्या पिशव्या अशी कामं करायची. पिशव्यांवर मी आजवर कापसाची इतकी बोंडं काढली आहेत की ती खरीच फुटली असती तर सगळा तालुका पांढरा झाला असता. खाली माझं नाव कुठेच नसतं, आणि बोंडाखाली सही करावी असं मलाही कधी वाटलं नाही. त्यामुळे बिअरवाल्या मालकाचा फोन आला, 'तुमच्या स्टाइलमध्ये काहीतरी करा' म्हणाला, तेव्हा मी हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे म्हणतात, आणि आम्ही तर पिढीजात मेंढरांतलेच.

तरी त्याला लांडगा म्हणणं खरं नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं. बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, परदेशात राहून बिअर गाळायला शिकून आलेला. आमच्याकडची मोसंबी कुठे कुठे जाते, मग तिची साल घालून इथेच बिअर का करू नये, हा त्याचा विचार. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, दर वाक्याला 'मॅडम' म्हणाला. आणि पुढचे तीन आठवडे मी नेलेलं एकेक चित्र हसतमुखानं बाजूला सारत गेला. मोसंबीची फांदी सारली, ज्वारीचं कणीस सारलं, मोटेवरचे बैल सारले.

"मॅडम, हे सगळं कॅलेंडरसारखं वाटतंय. मला मातीतलं पाहिजे. एकदम ऑथेंटिक."

मातीतलं म्हणजे नेमकं काय, हे ज्यांच्या नखात कधी माती गेलेली नसते त्यांना अचूक माहीत असतं. ज्यांच्या गेलेली असते ते नखं कापून शहरात येतात. मी तशीच आले होते. त्या दिवशी चिडून घरी निघाले, रिक्षात बसले, आणि त्या रागातच मला मायचा हात आठवला. सुचलं तेव्हा मी रिक्षात मोठ्यानं हसले होते हेही आठवतं.

माय कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या खेड्यात भाऊ-वहिनीबरोबर राहते. आजोबांच्या काळात थोडी जमीन झाली आणि मेंढरांमागे फिरणारे पाय थांबले, तेव्हापासून आम्ही तिथलेच. मायच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना बाजाराच्या दिवशी तिनं मलाही गोंदणारणीपुढे नेऊन बसवलं होतं. "लग्नाआधी एक तरी ठिपका घे बाई," म्हणाली. "मेल्यावर अंगावरचं सोनं-चांदी समदं काढून घेत्यात. गोंदन कुनाला काढून घेता येत न्हाई. तेवढंच संग येतं." मी भर बाजारात हात झिडकारला. 'मी काय अडानी हाय का?' असं म्हणाले, गोंदणारणीच्या तोंडावर. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेत नुकतीच वरची श्रेणी मिळाली होती, आणि चित्र हे कागदावरच असतं अशी माझी खात्री होती. परतीच्या वाटेवर मायनं मला भजी घेऊन दिली.

तर त्याच हातासाठी, पंचवीसएक वर्षांनी, मी बटर पेपर, बारीक टोकाचे पेन आणि फोन घेऊन गावी गेले.

माय घराच्या पुढच्या पत्र्याच्या सपरीत शेंगा फोडत बसली होती. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर कागद धरला.

"काय करून राह्यली गं?"

"तुझ्या हातावरचं उतरून घेते. एका कंपनीचं काम हाय. बाटलीवर छापायचंय."

"कशाची बाटली?"

इथे मी थांबले. आमच्या घरात दारूचा तमाशा कधी झालेला नाही. बाप पीत नव्हता, भाऊ पीत नाही. तरी बाईमाणसाचा हात दारूच्या बाटलीवर, हे मायला सांगायची माझी छाती झाली नाही. "मोसंबीचं सरबत," म्हणाले. मोसंबी तर होतीच त्यात. अर्धं खोटं बोलताना जीभ अडखळत नाही, हा माझा जुना अनुभव.

सरबत म्हटल्यावर माय खुलली. शेंगांचं सूप बाजूला सारून उठली, हात साबणानं धुतला, वर खोबरेल चोळलं, म्हणजे हिरवट काळं नीट उठून दिसेल. मग भिंतीला टेकून अशी ताठ बसली की फोटोवालाच आलाय. एकेक खूण सांगायला लागली. ही तुळस, ही माहेरी असताना घेतली. हा विंचू, म्हणजे विंचवाचं भय राहात नाही. ही फणी, ही लग्नाच्या वर्षी. सुया कशा एकत्र बांधलेल्या असायच्या, दिव्याची काजळी कशी लावायचे, कोण किती रडलं, सगळं आलं. माझ्या पेनानं तिला गुदगुल्या होत होत्या आणि ती मधेच लहान पोरीसारखी हसत होती. मायला इतका वेळ हात लावून मी कधी बसले होते ते आठवेना.

कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते, तिथे एक वेगळीच खूण होती. वाडग्यासारखा एक अर्धगोल आणि त्याच्या वर तीन ठिपके. बाकीच्या गोंदणाशी तिचा मेळ नव्हता. तिसरा ठिपका तर धड झालाही नव्हता, अर्धाच उमटला होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून 'हे काय?' विचारलं की माय हात आवरून घ्यायची. आताही तिनं तेच केलं.

"ते राहू दे," म्हणाली.

"का गं?"

"राहू दे म्हन्लं न. बाकीचं घे समदं."

मला वाटलं, वाकडंतिकडं झालंय म्हणून लाजते. मी बरं म्हणाले. थोड्या वेळानं तिनं पाण्याच्या तांब्याकडे हात लांब केला, खूण उजेडात आली, आणि मी फोननं तिचा फोटो काढला. चोरून काढला. हा शब्द मी आता पश्चात्तापानं वापरत नाही. तेव्हाही मला तो माहीत होता.

जालन्याला आल्यावर चार दिवस खपून मी हात तयार केला. ती एक खूण मी सगळ्यांत शेवटी घेतली. रचनेच्या दृष्टीनं तिथे काहीतरी हवंच होतं, जागा ओकीबोकी दिसत होती. अर्धगोल जरा सफाईदार केला. तिसरा अर्धा ठिपका डोळ्याला खुपत होता. पहिल्या ठिपक्याची कॉपी करून त्याच्या जागी ठेवली, तीनही अगदी सारखे झाले. या कामाला दोन मिनिटंही लागली नसतील.

मालकाच्या खोलीत पडद्यावर हाताचं चित्र लावलं. मग मालक उठून जवळ गेला आणि त्यानं बोट ठेवलं ते नेमकं त्याच खुणेवर.

"मॅडम, हे काय आहे?"

मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तीन आठवडे नकार ऐकलेली बाई अशा वेळी गप्प बसते थोडीच. "बघा ना," मी म्हणाले, "हा पेला, आणि हे वर उसळणारे तीन बुडबुडे."

त्यानं टेबलावर हात आपटला. "मॅडम, हाच आपला लोगो!"

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. हात बाटलीवर गेला, खूण झाकणावर गेली. मागच्या बाजूसाठी पुण्याहून कुणीतरी मजकूर लिहून पाठवला, त्यात त्या खुणेबद्दल 'मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील सुगीच्या जल्लोषाचं प्राचीन चिन्ह' असं होतं. मी तो वाचला. प्राचीन कसलं, जल्लोष कुठला, असं मला विचारता आलं असतं. मी शुद्धलेखन तपासून परत पाठवला. कागदांवर सह्या केल्या. पैसे ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळाले, त्यामुळे फसवलं असं म्हणायचीही सोय त्यानं ठेवली नाही. मग भिंत रंगवायला घेतली. बारा दिवस शिडीवर होते. ऊन इतकं की रंग डब्यातच घट्ट व्हायचा, पण मी खूश होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या भिंतीखाली माझं नाव लागलं होतं. संध्याकाळी गाड्या थांबायच्या, पोरंपोरी त्या हाताला पाठ लावून फोटो काढायची आणि मी शिडीवरून बघत राहायची.

इकडे गावात मायनं सरबताची वार्ता हापशावर सांगून ठेवली होती. तिचा दर दोन दिवसांनी फोन. "आलं का गं सरबत? एक बाटली तरी आन की. समद्या इचारून राह्यल्या." एकदा टाळलं, दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा जे केलं ते डोकं शांत ठेवून केलं. दुकानातून खरोखरच मोसंबीच्या सरबताची बाटली आणली. तिचं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं, बाटली पुसली आणि माझ्याकडचं जादाचं लेबल तिच्यावर चिकटवलं. मायला अक्षर ओळखू येत नाही, ह्या एका गोष्टीवर माझी सगळी भिस्त होती. तिला शाळेत घातलं नाही म्हणून तिच्या वडिलांवर भाषण झोडणारी मी, त्या दिवशी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत एसटीत बसले.

अक्षर येत नव्हतं, पण गोंदण तिला वाचता येत होतं. बाटली हातात घेतल्यावर आधी ती हसली. मनगटावरून अंगठा वर सरकवत गेली, तुळस, विंचू, फणी. मग अंगठा थांबला.

"ह्ये कशाला घातलं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

"राहू दे म्हन्लं व्हतं न मी." तिनं बाटली उजेडाकडे धरली. "आन् ह्यो तिसरा ठिपका असा न्हाई."

"तो अर्धाच झाला होता माय. मी नीट केला."

"नीट केला?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिसरा म्हैना भरला न्हवता बाई."

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. माझी थोरली बहीण. हे मला चाळिशीत, हातात सरबताची बाटली असताना कळलं. अंकुशनगरकडे उसाच्या तोडीला गेले असताना तिला फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधून निजवायचे. ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. गावी परतल्यावर सासूनं 'आता पुढचं बघा' म्हणून विषय मिटवला. फोटो नव्हता, कुठे कागद नव्हता, पुढे तिचं नाव घरात कुणी घेतलं नाही. मग माय एकटी बाजारात गेली आणि गोंदणारणीला सांगून तिनं ती हातावर घेतली. अर्धगोल म्हणजे झोळी. ठिपके म्हणजे महिने. गोंदणारणीनं विचारलं, तिसरा केवढा देऊ? माय म्हणाली, अर्धा दे.

मुलीचं नाव मायनं मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंही मी लिहिते आहे म्हणजे माझी खोड गेलेली नाही हे उघडच आहे, पण नाव तरी राहू दे.

माय बराच वेळ बाटली धरून बसली होती. मला वाटलं आता रडेल, किंवा मला बोलेल. तिनं पदरानं बाटली पुसली आणि भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी, नीट सरळ उभी करून ठेवली.

"सरबत हाय न," म्हणाली. "मंग चालतंय. लेकरं पेत्याल."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे पाय धरून सांगायला हवं होतं. मी चहा घेतला, वहिनीला येते म्हणाले आणि परतीची एसटी पकडली.

पुढचं मला वहिनीनं फोनवर सांगितलं. शेजारच्या घरी लग्न होतं, हळदीचा दिवस. बायका मांडवात होत्या, आणि मांडवाच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड पुरुषांची बैठक बसली होती. नवरदेवाच्या मित्रानं जालन्याहून खोकी आणली होती. माय कशाला तरी त्या बाजूला गेली आणि तिला दुरूनच तिचा हात दिसला. एक नाही, आठ-दहा. प्रत्येकाच्या मुठीत एक.

"काय सांगू ताई तुम्हाला," वहिनी म्हणाली, "आत्याबाई तशाच पुढं गेल्त्या. हासत. म्हन्ल्या, मला बी द्या की रं एक, माझ्या लेकीनं काढलंय त्याच्यावर, मोसंबीचं सरबत हाय. पोरं खो खो हासाया लागली. एकजन म्हन्ला, घ्या आजी, थंडगार हाय. आमच्या चुलत सासऱ्यानं मातर बाटली खाली ठिवली आन् मान घातली. मंग त्यास्नी कळलं. बराबर कळलं. कुनाला काय बोलल्या न्हाईत, घरी आल्या, देवळीतली बाटली काढली आन् उकिरड्यावर नेऊन ठिवली. फोडली बी न्हाई."

रात्री जेवल्या का, मी विचारलं. वहिनी म्हणाली, न्हाई.

तीन दिवसांनी मायचाच फोन आला. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर मला हायसं वाटलं असतं. तिनं दारूचा शब्दही काढला नाही. "मपला हात राहू दे त्याच्यावर," म्हणाली. "झाला तो झाला. तुळस राहू दे, इच्चू राहू दे. तेवढी झोळी काढ. लोकं वरून दात लावून उघडत्यात, मी बघितलं. तेवढी काढ बाई जल्दी."

काढते, मी म्हणाले. तिला शब्द दिला.

बैल गेला आणि झोपा केला, तशी मी दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेले. आधी सगळं घुमवून फिरवून सांगितलं. खूण बदलू, मी फुकट नवीन करून देते, याहून चांगली देते, भिंतही माझ्या खर्चानं पुन्हा रंगवते. तो ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, ते आता रजिस्टर झालंय. झाकणं छापून आलीत. आणि खरं सांगू का, लोक बाटलीचं नाव विसरतात, पण ते तीन बुडबुडे विसरत नाहीत. हे तर तुम्हीच दिलंत आम्हाला."

मी दिलं होतं, हे खरंच होतं. हात दाखवून अवलक्षण, आणि तेही दुसऱ्याचा हात. मग माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, तीही मी टेबलावर टाकली. बहीण, झोळी, अडीच महिने, अर्धा ठिपका. वाटलं, माणूस आहे, ऐकून तरी विरघळेल.

तो विरघळलाच. खरोखर त्याचे डोळे भरले, त्यानं चष्मा काढून पुसला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ही स्टोरी किती जबरदस्त आहे. आईंची परवानगी असेल तर... आपण ही सांगू शकतो का? वेबसाइटवर. अगदी रिस्पेक्टफुली."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुझ्या आजीच्या चितेवर बिअरची जाहिरात लाव, इथपर्यंत गेले. त्याच्या कचेरीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यानं उलट मला पाणी दिलं. बाहेर आले तर भिंतीपुढे दोन पोरी त्या हाताला गाल लावून फोटो काढत होत्या आणि त्यातली एक मला म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का?" मी बाजूला झाले.

त्याचा राग येतो तेव्हा मी मुद्दाम आठवते की त्यानं माझ्याकडून चोरून काहीच घेतलं नाही. त्यानं विचारलं, मी दिलं. चोरी त्याच्या आधीच, आमच्या सपरीत झाली होती.

मायला फोनवर सांगवेना. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा-वीस दिवस गेले. तिचाही फोन आला नाही. शेवटी एका रविवारी गावी गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. वकील बघते असं सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे आणखी एक खोटं.

माय सपरीतच बसली होती. डाव्या हाताला ओला फडका गुंडाळलेला. मला वाटलं पडली, नाहीतर भाजलं. मी जवळ बसले तर तिनं स्वतःच फडका सोडला. हात कोपराखाली टम्म सुजला होता. तुळस होती, विंचू होता, फणी होती. आणि जिथे झोळी होती तिथे आता चार बोटं रुंदीचा एक भरीव काळा चौकोन होता. ताजा, चकाकणारा, कडेला लाल झालेला. त्यातून झोळी दिसत नव्हती, ठिपके दिसत नव्हते, काहीच दिसत नव्हतं.

"बाजारात मशीनवाला बसतो आता," ती म्हणाली. "त्याच्याकून भरून घेतलं. लई दुखलं बाई, पहिल्यापरीस लई. त्यो म्हने आजी, ह्या वयात कशाला? म्हन्लं, तू भर."

"माय, मी गेले होते गं कंपनीत. त्यांनी..."

"माह्यीत हाय. काढलं असतं तर तू फोन केला असता." तिनं हात उजेडाकडे धरून बघितला. "आता बाटलीवरचा हात मपला न्हाई. कुनाचा का असंना."

त्या काळ्या चौकोनाकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. चाळीस वर्षांहून जास्त काळ जे तिनं माझ्यापासूनही झाकलं होतं, तेवढंच संग येईल म्हणून जपलं होतं, ते तिनं माझ्यामुळे पैसे देऊन बुजवून घेतलं होतं.

"आणि ती?" मी विचारलं. "तिचं काय?"

"तिला तशी थोडीच सोडीन. दुसरीकडं घेतली. झोळी, दोन ठिपके आन् अर्धा."

"कुठं?"

मायनं अंगावरचा पदर ओढून नीट घेतला, उजव्या हातानं खांद्यापर्यंत.

"ते तुला कशाला सांगू बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रोजचाच आवाज होता. "तू उतरून घेशील."

मग तिनं हळद-तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि सुजलेला हात माझ्यापुढे धरला. मी हळद लावत राहिले. तिनं पुढे केला होता तेवढ्याच हाताला.